वहीत काहीच नाही, मग संगीताच्या तासाला मूल शिकतं काय?

तुमचा प्रश्न असा: मुलगी तिसरीत आहे, आठवड्यातून दोनदा संगीताचा तास असतो, पण वहीत दोन गाण्यांपलीकडे काही लिहिलेलं नाही. "आज काय शिकवलं?" असं विचारलं की ती म्हणते, "काही नाही, खेळलो." त्यात तिला सुराचं अंग नाही अशी तुम्हाला शंका आहे. मग या तासात मुलं नक्की शिकतात काय, आणि बाहेर वेगळा क्लास लावावा का?

मी चोवीस वर्षं पहिली ते पाचवीच्या मुलांना संगीत शिकवते आहे. हा प्रश्न पालकसभेत मला दरवर्षी कुणीतरी विचारतंच, आणि तो रास्त आहे. गणिताच्या तासाचं काय झालं ते वहीत उतरतं. चित्रकलेचा कागद घरी येतो. संगीताच्या तासाला जे घडलं ते हवेत विरून जातं, आणि मुलाच्या अंगात जे मुरलं ते दिसायला दोन-तीन वर्षं लागतात. त्यामुळे तुमची खरी अडचण मला अशी वाटते: मूल शिकतंय की नुसता वेळ जातोय, हे बाहेरून ओळखायचं कसं? मी त्याच अंगाने उत्तर देते.

आधी एक कबूल करायला हवं. सगळं त्या तासावर अवलंबून आहे. वर्गात पंचवीस मुलं आहेत की साठ, बाकं सरकवून चालायला-फिरायला जागा होते का, शिक्षक दर आठवड्याला ठरलेल्या क्रमाने पुढे जातात की फक्त कार्यक्रम जवळ आला की गाणी बसवतात, यावर फार फरक पडतो. तुमच्या मुलीच्या वर्गात काय चालतं ते मी पाहिलेलं नाही. प्राथमिक शाळेतला संगीताचा तास नीट चालला तर त्यात काय घडतं, एवढंच मी सांगू शकते. ते तुम्ही तिच्या "खेळलो"शी ताडून पाहा.

सुरुवात ठोक्यापासून करते, कारण शाळेतही तिथूनच होते.

पहिलीतल्या मुलांना एखादं गाणं म्हणत टाळ्या वाजवायला सांगा. बहुतेक मुलं शब्दांवर टाळ्या वाजवतील: जितकी अक्षरं, तितक्या टाळ्या. गाण्याच्या खाली एक ठोका सारखा चालू असतो आणि शब्द त्याच्यावर कधी भराभर, कधी सावकाश बसतात, हे त्यांच्या ध्यानात आलेलं नसतं. या दोन गोष्टी वेगळ्या ऐकू येणं हा पहिल्या दोन वर्षांतला सगळ्यात मोठा टप्पा आहे, असं माझं मत आहे. मी तो असा शिकवते. "चिमणी, हत्ती, चिमणी, हत्ती" असं म्हणत चालायचं. "चिम" ला एक पाऊल, "णी" ला दुसरं, "हत्" ला तिसरं, "ती" ला चौथं. पावलं चार पडतात. आता चालता चालता प्रत्येक अक्षरावर टाळी वाजवायची: चि, म, णी, हत्, ती. टाळ्या पाच होतात. पाय चार मोजतायत आणि हात पाच, तरी दोन्ही एकाच वेळी सुरू होतात आणि एकाच वेळी संपतात. मुलांना यात विलक्षण मजा येते. मराठी कवितेतलं लघु-गुरू ज्यांना आठवतं त्यांच्या लक्षात आलं असेल की "चिमणी" म्हणजे लघु, लघु, गुरू. मुलाला हे शब्द माहीत नसतात. पण पावलांत मात्रा, म्हणजे तालाचे सारखे ठोके, आणि हातांत बोल असा हिशेब त्याच्या अंगाने पक्का केलेला असतो. पुढे दुगुन, म्हणजे दुप्पट लय, शिकताना, तबल्यावर बसताना किंवा स्वरलिपीतली अर्धी मात्रा वाचताना तो उपयोगी पडतो.

मग या खेळाची पुढची पायरी येते. गाणं चालू असताना मी हात वर केला की आवाज बंद, पण पावलं चालूच. हात खाली आला की गाणं जिथे पोचलं असेल तिथून पुन्हा सुरू. म्हणजे मधल्या शांततेत गाणं डोक्यात चालू ठेवावं लागतं. सुरुवातीला सगळी मुलं वेगवेगळ्या ठिकाणी परत येतात, गोंधळ उडतो. दोन महिन्यांनी तीस मुलं आठ मात्रांच्या शांततेनंतर एकाच अक्षरावर परत येतात. तो क्षण मी शेकडो वेळा अनुभवला असेल आणि तरी दर वेळी अंगावर काटा येतो. आपल्या ताल देण्याच्या रीतीत हेच शहाणपण आहे. तालातल्या 'खाली' नावाच्या मात्रेला टाळी न वाजवता हात उलटा करून सोडतात. आवाज नाही, पण मात्रा आहे. ती मोजली जाते.

दिसायला हा सगळा खेळ आहे. घरी येऊन मूल "खेळलो" म्हणतं ते खरंच आहे. स्वित्झर्लंडचे एमिल जाक-दालक्रोझ १८९० च्या दशकात जिनिव्हाच्या संगीतविद्यालयात मोठ्या विद्यार्थ्यांना शिकवत होते. ही मंडळी कागदावर स्वरसंगती बिनचूक लिहायची, पण लिहिलेलं त्यांना मनात ऐकू येत नव्हतं आणि वाजवताना लय डळमळायची. दालक्रोझ यांनी त्यांना चालायला, थांबायला, वळायला लावलं, लय आधी शरीरात उतरवली. आज जगभरच्या शाळांत संगीताच्या तासाला मुलं चालतात-नाचतात, त्याचं एक मूळ तिथे आहे.

आता सूर. तुमची शंका इथे आहे, म्हणून इथे जरा थांबते.

उंच सूर आणि मोठा आवाज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे लहान मुलाला कळलेलं नसतं, आणि आपली भाषाही त्याला यात मदत करत नाही. "आवाज चढवू नकोस" म्हणजे ओरडू नकोस. "वरच्या पट्टीत बोलू नका" म्हणजेही तेच. त्यामुळे मी "वरचा सूर लावा" म्हटलं की मुलं ओरडतात. त्यांची चूक नाही, त्यांना ते शब्द तसेच मिळाले आहेत. म्हणून आम्ही आधी शब्द सोडून देतो. हाताने हवेत डोंगर काढायचा आणि आवाजाने तो चढायचा-उतरायचा. मांजराच्या पिल्लासारखा बारीक, वरचा आणि अगदी हळू आवाज काढायचा. मग खालच्या सुरात मोठ्याने. वरचा पण हळू, खालचा पण मोठा, असे चारही प्रकार करून झाले की दोन गोष्टी आपोआप सुट्या होतात.

दुसरी अडचण गळ्याची. बोलण्याचा आवाज आणि गाण्याचा आवाज वेगळा असतो. अनेक मुलांना आपल्याकडे गाण्याचा आवाज आहे हेच माहीत नसतं. ती गाणं बोलतात. त्यांना "बेसूर" म्हणून मोकळं होणं ही शिक्षकाच्या हातून होणारी मोठी चूक आहे, आणि ती माझ्या हातून झालेली आहे.

माझी पट्टी काळी चार, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी हा माझा सा. पहिली काही वर्षं मी मुलांनाही त्याच पट्टीत गायला लावत होते, कारण मला तिथे सोपं जायचं. सहा-सात वर्षांच्या मुलाच्या गळ्याला तिथला सा फार खालचा पडतो. मुलाला सोयीचे पाच-सहा सूर त्या सा च्या बरेच वर असतात. निम्मा वर्ग गाण्याच्या पहिल्या ओळीलाच पुटपुटायचा आणि मी समजायचे की मुलं कच्ची आहेत. नंतर मी पहिली-दुसरीसाठी सा वर नेला, पांढरी दोनला धरला. एका आठवड्यात ज्यांना मी कच्ची समजत होते त्यांतली बरीचशी मुलं सुरात यायला लागली. ज्या शिक्षकांचा आवाज पुरुषी, भारदस्त आहे त्यांच्या वर्गात आणखी एक गोष्ट होते. शिक्षक एक सप्तक खाली गातात आणि लहान मुलाला तो खालचा सूर "तोच सूर" वाटत नाही. ते त्याच्यामागे खाली खाली जायला बघतं. अशा वेळी सुरात गाणाऱ्या एखाद्या मुलालाच पुढे उभं करून त्याच्याकडून म्हणवून घेणं उत्तम.

एवढं करूनही दोन-चार मुलं उरतात. दुसरीतला एक मुलगा होता. आवाज दणदणीत, उत्साह दांडगा, आणि सूर एकच, तोही खालचा. मी त्याच्यासमोर सूर धरायचे, तो मनापासून प्रयत्न करायचा आणि त्याच्या त्याच जागी जाऊन बसायचा. बरेच दिवस असं झाल्यावर मी उलटं केलं. त्याला म्हटलं, "तू लाव, मी तुझ्यामागून येते." त्याने त्याचा तो सूर लावला आणि मी हळूच त्याच्या सुरात सूर मिसळला. तो एकदम थांबला, माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "बाई, आपला आवाज एकच झाला." आपला सूर दुसऱ्याच्या सुराला मिळाला की कसं वाटतं, हे त्याने तोवर कधी अनुभवलंच नव्हतं. मी इतके दिवस त्याला अशा जागी बोलावत होते जी जागा त्याने पाहिलेली नव्हती. त्या दिवसानंतर रोज त्याच्या सुरापासून सुरुवात करायची आणि एकेक पायरी वर न्यायचं, असं करत वर्षाअखेर तो पाच सुरांचं गाणं बरोबर म्हणायला लागला. तेव्हापासून मी मुलाला माझ्या सुरावर बोलावण्याआधी एकदा त्याच्या सुरावर जाऊन येते.

तुमच्या मुलीबद्दल म्हणून एवढंच सांगते की तिसरीत सूर डळमळणं अगदी सामान्य आहे. जन्मतःच सुरांमधला फरक न कळणारी माणसं असतात, पण फार थोडी. बाकीच्यांचा प्रश्न सरावाचा, पट्टीचा किंवा भीतीचा असतो. घरात कुणी तिला "तू गाऊ नकोस" असं गमतीत म्हणत असेल तर ते आजपासून बंद करा. ही माझी कळकळीची विनंती आहे. गळा मिटून घेतलेल्या मुलाला पुन्हा गातं करायला मला दोन-दोन वर्षं लागली आहेत.

सूर गळ्यात यायला लागले की त्यांना नावं मिळतात. अकराव्या शतकात इटलीतल्या ग्विदो द आरेझो यांनी गायकांना अनोळखी चाली लवकर याव्यात म्हणून सुरांना अक्षरं दिली. त्यातूनच पुढे 'दो रे मी' आलं. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये सारा ग्लोव्हर यांनी शाळकरी मुलांसाठी त्याची सोपी पद्धत केली, जॉन कर्वेन यांनी तिला हाताच्या खुणा जोडल्या आणि विसाव्या शतकात हंगेरीत झोल्तान कोडाय यांच्या प्रेरणेने या खुणा शाळाशाळांत गेल्या. या पद्धतीत 'दो' कुठल्याही पट्टीवर धरता येतो. आपल्याला यात नवल वाटायला नको, आपला सा पहिल्यापासून तसाच आहे. मुलाला शिकायचं असतं ते सुरांमधलं नातं: सा पासून प किती दूर, प वरून ग वर येताना कसं वाटतं. ते एकदा कळलं की पट्टी बदलली तरी गाणं तेच राहतं.

मी प आणि ग या दोन सुरांनी सुरुवात करते. मुलं खेळताना एकमेकांना लांबून हाका मारतात, चिडवतात, तेव्हा पुष्कळदा याच दोन सुरांच्या अंतरात. म्हणजे ते त्यांच्या गळ्यात आधीच असतं. मग ध जोडायचा, मग सा आणि रे. पाच सूर झाले की गाण्यांचा केवढा मोठा साठा उघडतो! म आणि नी मी मुद्दाम उशिरा आणते. ग-म आणि नी-सां (वरचा सा) ही अंतरं अर्धी आहेत, लहान गळा तिथे घसरतो.

आणि लिहिणं? पालकांना वहीत हवं असतं ते हेच, म्हणून सांगते. मूल आधी बोलतं आणि काही वर्षांनी वाचायला शिकतं. संगीतातही तोच क्रम धरावा. जे गळ्यात आणि अंगात आहे त्याचीच खूण कागदावर यावी. "चिमणी, हत्ती" चालून झालेलं असतं तेव्हा फळ्यावर दोन छोट्या रेघा आणि तीन मोठ्या काढल्या की मुलं लगेच ओळखतात: "बाई, हे आपलं चिमणी-हत्ती!" त्यांनी ते वाचलेलं असतं. तिथून पुढे पाच रेघांची पाश्चात्त्य लिपी शिकवा नाहीतर सा रे ग म लिहून वर-खाली टिंबं द्यायची भातखंडे पद्धत शिकवा, दोन्ही चालतात. उलट्या क्रमाने, म्हणजे आधी खुणा पाठ करून घेतल्या, तर वही भरते. मूल "एक मात्रा, अर्धी मात्रा" घडाघडा सांगतं आणि टाळी मात्र चुकीच्या जागी वाजवतं. तिसरीच्या पहिल्या सहामाहीत वही जवळपास कोरी असेल तर मला त्याची काळजी वाटत नाही.

वाद्यांचं थोडक्यात सांगते. वर्गात खंजिरी, टिपऱ्या, घुंगरू, छोटे ढोल असतील तर मुलांना त्यांचे आवाज कळतात, पाळी येईपर्यंत थांबणं कळतं. जिथे शक्य आहे तिथे लाकडी किंवा धातूच्या पट्ट्यांचे झायलोफोन असतात. जर्मनीत कार्ल ओर्फ आणि गुनिल्ड केटमान यांनी मुलांसाठी अशी वाद्यं वापरात आणली. यातल्या पट्ट्या काढून ठेवता येतात, आणि त्यामागचा विचार मला फार आवडतो. म आणि नी च्या पट्ट्या काढल्या की उरतात सा रे ग प ध, म्हणजे भूप रागाचे स्वर. त्यात अर्ध्या अंतरावरचे दोन सूर शेजारी नसल्यामुळे वीस मुलांनी वाटेल ते वाजवलं तरी कानाला टोचत नाही. म्हणजे चुकायची भीतीच उरत नाही, आणि मूल आपल्या मनाने वाजवून बघायला मोकळं होतं. साधारण तिसरी-चौथीत रेकॉर्डर नावाची उभी बासरी हातात येते. तेव्हा घरच्यांनी थोडी सहनशक्ती ठेवावी. हलकी फुंकर मारायला शिकणं हाच त्यातला पहिल्या महिन्याचा अभ्यास असतो.

वाजवून बघण्यावरून आठवलं. मुलं संगीत शिकतात तशीच ते रचतातही, आणि हा भाग सगळ्यात जास्त दुर्लक्षित आहे. मी चार मात्रांचा प्रश्न वाजवते, मुलाने चार मात्रांचं उत्तर द्यायचं. नियम एकच: शेवट सा वर. मागच्या वर्षी चौथीतल्या एका मुलीने उत्तर रे वर सोडलं. मी विचारलं, सा वर का नाही आलीस? ती म्हणाली, "माझं बोलणं संपलं नव्हतं." सा वर आलं की घरी आल्यासारखं वाटतं आणि रे वर थांबलं की दार उघडं राहतं, हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. इतकं समजलेल्या मुलाची तोंडी परीक्षा मी घेत नाही.

ऐकण्याचंही वेगळं शिक्षण असतं. दोन-तीन मिनिटांचा तुकडा लावायचा आणि एकच काम द्यायचं: बासरी आली की बसा, गेली की उभे राहा. किंवा पहिली चाल परत आली की हात वर. नुसतं "शांतपणे ऐका" म्हटल्याने मूल ऐकत नाही. कशासाठी ऐकायचं हे कळलं की ऐकतं. हळूहळू चालीचा आराखडा लक्षात यायला लागतो: एक भाग, मग वेगळा भाग, मग पुन्हा पहिला.

आणि एकत्र गाणं. चौथीत मी एकच गाणं दोन गटांत म्हणवून घेते. पहिला गट सुरू करतो, दुसरा एका ओळीने मागून येतो. स्वतःची ओळ धरून ठेवायची आणि शेजाऱ्याची ऐकायचीही, हे फार अवघड काम आहे. पहिल्यांदा मुलं कानात बोटं घालतात. मी सांगते, बोटं काढा, ऐकत ऐकत गा. ज्या दिवशी ते जमतं त्या दिवशी वर्ग स्वतःच शांत होतो, कारण शेवटची ओळ संपल्यावर उरलेला गुंजारव सगळ्यांनाच ऐकायचा असतो.

थोडक्यात, इयत्तेप्रमाणे माझी अपेक्षा अशी असते. पहिली-दुसरी संपताना मुलाला एकसारखा ठोका धरता यावा, वर-खाली आणि मोठा-हळू यांत गल्लत होऊ नये, आणि गाण्याचा आवाज सापडलेला असावा. तिसरीत ठोका आणि शब्दांची लय वेगळी दाखवता यावी, मधली रिकामी मात्रा न गिळता पाळता यावी, पाच सुरांची गाणी बऱ्यापैकी सुरात म्हणता यावीत. पाचवी संपताना सोपी चाल पाहून म्हणता यावी, दुसरा गट वेगळं गात असताना आपली ओळ सांभाळता यावी, आणि स्वतःची एखादी छोटी चाल बांधून ती दुसऱ्याला शिकवता यावी. यात मुलं मागे-पुढे असतातच, विशेषतः सुराच्या बाबतीत.

संगीताने बुद्धी वाढते, गणित सुधारतं, असं ऐकून कुणी क्लास लावत असेल तर थोडं थांबावं. ज्या प्रयोगावरून हा गाजावाजा झाला तो १९९३ साली 'नेचर' मध्ये आला होता. त्यात ३६ महाविद्यालयीन विद्यार्थी होते, त्यांनी मोझार्टची रचना दहा मिनिटं ऐकली, आणि आकृत्यांच्या एका प्रकारच्या चाचणीत दिसलेला फायदा दहा-पंधरा मिनिटांपलीकडे टिकला नाही. लहान मुलांचा त्यात संबंध नव्हता. माझ्या दृष्टीने संगीत शिकायला संगीत हे कारण पुरेसं आहे.

आता क्लासचं. मुलगी स्वतः मागत असेल तर जरूर लावा. ती मागत नसेल आणि केवळ सूर कच्चा आहे म्हणून लावणार असाल, तर मी सहा महिने थांबेन आणि तोवर घरात तिच्याबरोबर गाईन. तुम्ही स्वतः कसे गाता याने काही बिघडत नाही. तिच्या पट्टीत गा, तिला सुरुवात करू द्या, तुम्ही मागून जा. क्लास निवडायची वेळ आलीच तर एक तास बसून बघा. तिथे मूल आधी म्हणतं आणि मग वाजवतं, की पहिल्या दिवसापासून पेटीवर बोटांचे क्रम पाठ करतं? पहिल्या प्रकारचा क्लास घ्या. भिडस्त मुलीसाठी एकट्याच्या शिकवणीपेक्षा गटात गाणं बहुतेक वेळा बरं पडतं, कारण आपला आवाज इतरांत मिसळलेला ऐकून धीर येतो.

शाळेतल्या शिक्षकांना भेटाल तेव्हा "तिची प्रगती कशी आहे?" असं मोघम विचारू नका. "ठोका धरते का? एकटीने म्हणताना सूर जातो की सगळ्यांबरोबरही जातो?" असं विचारा. एकटीने म्हणताना जात असेल आणि गटात टिकत असेल तर ती भीती आहे. वर्षभर फक्त कार्यक्रमाचीच गाणी बसवली जात असतील तर तेही याच बोलण्यात कळेल, आणि मग तुमची तक्रार योग्य आहे. ते शाळेला सौम्य शब्दांत पण जरूर सांगा. आणखी एक गोष्ट, घाबरवण्यासाठी नाही, पण राहून जायला नको म्हणून: मागून मारलेली हाक तिला बरेचदा ऐकू येत नसेल, किंवा वरचेवर कान दुखत, वाहत असेल, तर एकदा कानांची तपासणी करून घ्या. सुराच्या तक्रारीमागे कानाचं दुखणं निघाल्याचं मी दोनदा पाहिलं आहे.

आणि आज संध्याकाळी एक करून बघा. शाळेत शिकलेलं कुठलंही गाणं तिला म्हणायला सांगा, तुम्ही हलके ठोका धरा. दुसऱ्या ओळीच्या मध्यावर बोट ओठांवर ठेवा, म्हणजे तिने मनात म्हणायचं. ठोका थांबवू नका. आठ ठोक्यांनी बोट काढा आणि ती कुठल्या शब्दावर परत येते ते ऐका.